दहापैकी

पेन्सिल गॉजच्या दोरीने पॅडला बांधलेली,
कोणी पळवू नये म्हणून.
कागदावर छापलंय: स्वतःचं नाव सांगितलं का.
डोळ्यांत बघून बोलले का.
समजेल अशा भाषेत सांगितलं का. मध्येच तोडलं का.
शेवटी विचारलं का, काही शंका आहे?
प्रत्येकी दोन. एकूण दहा.

काल संध्याकाळपर्यंत मी चांगली केस होते.
"अकरा नंबरला जा, मोठी स्प्लीन आहे, सहज लागते हाताला,"
आणि सात-आठ गार हात पोटावरून, एकामागून एक.
आज सकाळी मी परीक्षक.
पोट तेच.

बाराव्या खाटेवरची झुलेखाबी सगळ्यांना दहा देते.
अक्षर येत नाही, दहाचा आकडा तेवढा येतो.
"माँ-बाप ने फीस भरी है, बाई,"
आणि मग हळूच, चादर सारखी करत,
"कल सुई यही लगाएगा."

हे मात्र कागदावर कुठे विचारलेलं नाही.

एकतीस वर्षं मी प्रभादेवीच्या एक्स्चेंजमध्ये काढली.
माणूस न बघता माणूस ओळखायचा, हीच नोकरी.
म्हणून पहिला मुलगा आला तेव्हा मी डोळे मिटूनच ऐकलं:
नमस्कार, मी देवांग,
तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो.
आवाज स्वच्छ. वाक्य पाठ.
आमचीही पाठच असायची.
नऊ दिले. एक का कापला, सांगता येणार नाही.
येईल खरं तर:
माझं बोलणं संपायच्या आधी त्याचं "हं" संपत होतं.

दुसरा रुमणे. हे मी ॲप्रनवर वाचलं,
तो काही बोलला नाही. गेले दोन.
बघत होता सलाईनच्या थेंबाकडे. आणखी दोन.
पण स्टेथोस्कोप आधी तळहातात धरून ठेवला,
थंडीत चहाचा पेला धरावा तसा.
"कुठं दुखून रायलं, काकू?" वणीकडचा सूर.
"पानथरी वाढली तुमची."
पानथरी!
परकर नेसायच्या वयात, मालवणात, हिवतापाच्या साथीत
ऐकलेला शब्द. इतकी वर्षं
माझ्याच पोटात होता.
मग विचारलं, घरी कोण असते?
मी तोंड उघडलं
आणि आवाज आला नाही.

तो थांबला.
फाईल चाळली नाही. एक पाय बदलला फक्त.

बोर्डावर आम्हाला दोन शांतता कळायच्या:
लाइन तुटल्याची,
आणि पलीकडे कोणी रडतंय त्याची.
दुसरीत बारीक खरखर असते.
सत्त्याहत्तर साल असेल, रात्रपाळी,
रत्नागिरीचा ट्रंक कॉल,
बातमी ऐकून एक माणूस गप्प झालेला.
तीन मिनिटं भरली. मी म्हटलं, "थ्री मिनिट्स ओव्हर,"
आणि पिन ओढली.
नियमच होता.
मला तेव्हा कोणी गुण दिले नाहीत,
कापलेही नाहीत.

रुमणे उभाच.
मग सांगितलं मी, घरी कोण असतं ते,
आणि कोण असायचं.

कागद गोळा करायला मॅडम आल्या.
"ताई, याची बेरीज राहिलीय."
राहू दे, म्हटलं.
"अहो, कोरा ठेवला तर शून्य धरतात."

पेन्सिलीला रबर नव्हतं.
बोटाला थुंकी लावून मी पहिल्या ओळीतलं शून्य घासलं,
घासत राहिले,
कागद तिथे विरला.
भोकातून पांघरुणावरचा महापालिकेचा निळा शिक्का दिसायला लागला.
मॅडमनी कागद उजेडात धरला.
"हे आता किती समजायचे?"

बारा नंबरवरून, कूस न बदलता,
झुलेखाबी म्हणाली, "दस."